तिसऱ्या कार्डाची जागा

त्या मदरबोर्डाचा दुकानात एकच नग उरला होता, आणि तो एका माणसाच्या मांडीवर होता.

म्हणजे खोका मांडीवर होता. माणूस काउंटरपाशी स्टुलावर बसून त्यातलं माहितीपुस्तक वाचत होता आणि प्रत्येक ओळीखालून बोट सरकवत होता, पहिलीतल्या मुलाने धडा वाचावा तसं. बारकीने दारातच छत्री झटकली, आत येऊन बोर्डाचं नाव सांगितलं, तर दुकानाच्या मालकीणबाईंनी नुसती हनुवटी त्याच्याकडे उडवली. या बाईंना सगळं गिऱ्हाईक वहिनी म्हणायचं.

"शेवटचा आहे. कंपनीने बंद केलाय. ते घेतायत की नाही ते तूच विचार त्यांना. माझा चहा पिऊन झाला त्यांचा, पण पुस्तक काही संपेना."

माणसाने मान वर केली. चष्म्याआडून त्याने आधी बारकीकडे पाहिलं, मग खोक्याकडे, आणि खोका जरासा जवळ ओढला… अगदी जरासा. तेवढ्यावरून बारकीला कळलं की हे प्रकरण सोपं नाही.

बारकी म्हणजे नावापुरतीच बारकी. भावंडांत शेवटची म्हणून मावशीने ते नाव ठेवलं, आणि नंतर ती सगळ्यांच्या डोक्यावरून वाढली तरी नाव काही वाढलं नाही. अजून न बांधलेल्या इमारती ती कॉम्प्युटरवर बांधायची: खिडकीतून येणारं ऊन, जिन्यात पडणारी सावली, सगळं. पहिली वीट बसायच्या आधीच मालक आपल्या घरात फिरून यायचा. असं एकेक चित्र शिजवायला ग्राफिक्स कार्डं लागतात. बारकीकडे दोन होती, आणि जुन्या कॉम्प्युटरात जागा एकाच कार्डाची. नोकरी सोडून घरी काम सुरू केल्यापासून दुसरं कार्ड कपाटात स्वेटरांमध्ये झोपलेलं होतं.

"तुम्हाला किती कार्डं बसवायचीत?" त्याने विचारलं.

"दोन. पण तिसऱ्याची सोय हवी. तुम्हाला?"

"सध्या… एकच आहे."

"एका कार्डाला तीन खोल्यांचं घर?"

त्याने चष्मा वर ढकलला आणि म्हणाला की पुढेमागे वाढवीन असा विचार होता. बारकी म्हणाली, पुढचं पुढे बघता येईल, तिची नड मात्र आत्ताची आहे. वहिनींनी बिलबुकात तोंड घातलं.

मग त्याने जे समजावलं ते बारकीला माहीत होतं, पण तो इतक्या मनापासून सांगत होता की तिने ऐकून घेतलं. कार्ड बसवायचे लांब स्लॉट तीन-तीन असलेले बोर्ड ढीगभर मिळतात, पण ते स्लॉट एकमेकांना इतके खेटून असतात की एक जाडं कार्ड बसलं की शेजारच्याची जागा गेलीच. बाकावर तिघांची सोय लिहिलेली असते आणि दोघांनीच बाक भरतो, तसं. या बोर्डावर मात्र तिघं ऐसपैस बसतात. पुस्तकात आकृती आहे म्हणाला.

"पुस्तक कशाला," बारकी म्हणाली, आणि पिशवीतून पुठ्ठ्याचे तीन ठोकळे काढले. कार्डाच्या मापाचे, जाडीसकट. तिने स्वतःच कापून चिकटवले होते. बोर्ड खोक्यातून निघाला, ठोकळे एकापाठोपाठ एक स्लॉटवर उभे राहिले. दोघं वाकून बघत होते. मधून बोट जाईल एवढी फट राहत होती. हवा खेळायला पुरेशी.

"तुमच्याकडे कार्डं दोन," तो हळूच म्हणाला. "तिसरा ठोकळा कुणाचा?"

"अजून ठरलं नाही."

हे उत्तर तिला तोंडातून निघाल्यावर ऐकू आलं. तिने घाईघाईने ठोकळे गोळा केले. वहिनींनी तेवढ्यात मान वर करून सांगितलं की त्यांना जेवायला घरी जायचंय, तेव्हा एक तर चिठ्ठी टाका, नाहीतर दोघांत मिळून घ्या, पण दुकानाबाहेर जाऊन काय ते भांडा.

दोघांत मिळून घ्यायचं ते थट्टेत म्हटलेलं होतं. पण बाहेर छपराखाली पाऊस थांबायची वाट बघत उभं राहिल्यावर तीच थट्टा हळूहळू शहाणपणाची वाटायला लागली. तो जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवून साफ करायचा. लोकांच्या पेट्यांतून निघालेल्या, रेघा पडलेल्या, डाग धरलेल्या फिती. वहिनी त्याला 'फीतवाले' म्हणत. एका संग्रहालयाचं काम त्याच्याकडे होतं, आणि त्याचं एकटं कार्ड ते ओढताना धापा टाकत होतं. तीन कार्डं एका ठिकाणी आली तर सकाळी त्याचं काम, दुपारपासून तिचं. कार्डं ज्याची त्याची, बोर्ड दोघांचा.

"ठेवायचा कुणाकडे?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे. माझी दोन आहेत."

"बहुमत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

वहिनींना अर्धेअर्धे पैसे देऊन त्यांनी खोका घेतला आणि पाऊस थांबेना म्हणून तसेच निघाले. छत्री एकच होती, ती दोघांनी मिळून खोक्यावर धरली. खोका कोरडा बारकीच्या घरी पोचला. बाकी दोघं निथळत होते.

दार उघडणाऱ्या मावशीने आधी अनोळखी माणसाकडे बघितलं, मग छत्रीखालच्या खोक्याकडे, आणि एवढंच म्हणाली, "आजारी कोण आहे?"

मावशीची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली होती. त्यामुळे बाहेरच्या खोलीत मशीन जोडायचं ठरलं तेव्हा तिने दोघांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि टेबलावर पांढरीशुभ्र चादर अंथरली. तो संकोचत म्हणाला की कापडावर घर्षणाने वीज साठते, बोर्ड त्याच्या खोक्यावरच ठेवलेला बरा. बारकीला वाटलं, संपलं; मावशीला आजवर कुणी असं सांगितलेलं नव्हतं. मावशीने चादर निमूट घडी केली. नंतर स्वयंपाकघरात ती बारकीच्या कानाशी पुटपुटली, "सांगतो, पण आवाज चढवत नाही. डॉक्टर लोकांना जन्मात जमलं नाही ते."

तो पुस्तक वाचून सांगायचा, ती हाताने करायची. ती स्क्रू कसायची, तो दिवा धरायचा. कार्ड स्लॉटमध्ये बसताना 'टक्' असा आवाज होतो. तिची दोन वर बसली, त्याने खोलीवरून आणलेलं सगळ्यात खाली. तिसऱ्या 'टक्'ला दोघांनी एकदमच श्वास सोडला.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तिन्ही पंखे फिरले, पडद्यावर तीन कार्डांची नावं उमटली, आणि मावशी म्हणाली, "पेशंट शुद्धीवर आला. आता चहा."

त्यानंतर तो रोज सकाळी यायचा. त्याच्या फायली इतक्या अजस्र असत की नेटवरून पाठवत बसण्यापेक्षा ड्राइव्ह खिशात घालून चालत आणणं लवकर व्हायचं. काम लावून द्यायचं आणि निघायचं, असं पहिल्या दिवशी ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी बिस्किटं निघाली. मग साफ झालेलं एखादं दृश्य तो बारकीला दाखवायला लागला… एक बाई समुद्राच्या वाऱ्यात केस आवरायचा प्रयत्न करतेय आणि कॅमेरा धरणाऱ्यावर लटकं चिडतेय. एक पोरगी सायकलवरून पडते, उठते, आणि आधी आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघते. रेघा निघून गेल्यावर ती माणसं इतकी जवळ यायची की बारकी खुर्ची मागे सरकवायची. ती त्याला आपल्या इमारती दाखवायची. "या खिडकीत कोण बसणार?" तो विचारायचा. ती म्हणायची की खिडकीच अजून झालेली नाही, बसणाऱ्याचं काय विचारता.

तो गेलेल्या माणसांत रमायचा, ती न झालेल्या घरांत. मधे एक कपभर चहा होता, तेवढाच काय तो चालू काळ.

मशीनच्या मागून ऊबदार वारा यायचा. पावसाने भिजून आला की तो तिथे हात शेकत उभा राहायचा. "जरा सरका," म्हणून बारकीही तिथेच हात धरायची, तिचे हात कोरडे असले तरी. मावशी तेवढ्या वेळात दूध बघायला जायची. घरात इतक्या वेळा दूध तापल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बारकीला एक गोष्ट स्वच्छ कळलेली होती. हा माणूस कधी कारणाशिवाय कुणाच्या दारात उभा राहणाऱ्यांतला नव्हता. खालच्या स्लॉटमधलं त्याचं कार्ड हेच त्याचं कारण. कार्ड आहे तोवर तो आहे. म्हणून ती रोज संध्याकाळी त्या कार्डावरची धूळ मऊ ब्रशने झटकायची. स्वतःच्या दोन कार्डांना हा मान नव्हता.

आणि घोळ तिनेच घातला.

तिची जुनी ड्राइव्ह भरून वाहायला लागली होती. तिने नवी आणली, बोटभर लांबीची, थेट बोर्डावर बसणारी. सुट्टीच्या दिवशी झाकण उघडलं, समोरच एक रिकामी जागा दिसली, कार्डांना हातसुद्धा न लावता तिथे ती बसली. एक स्क्रू, झालं काम. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की संध्याकाळी मावशीला चहा तिनेच करून दिला.

दुसऱ्या दिवशी तो आला, मशीन चालू केलं, आणि पडद्यावर दोनच कार्डं दिसली. त्याने मशीन बंद करून झाकण काढलं. आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"ही ड्राइव्ह… तुम्ही बसवलीत?"

"मीच," बारकी ऐटीत म्हणाली. "चांगला विचार करून बसवली बरं का. किती दिवस जागेची अडचण होत होती. आता कसं सुटसुटीत झालं."

"हो," तो म्हणाला. "सुटसुटीत झालं."

त्याने स्क्रूड्रायव्हर मागितला. आपलं कार्ड सोडवलं, बॅगेतून चंदेरी पिशवी काढून तीत घातलं, पिशवीचं तोंड दुमडलं. तिने हळूच विचारलं की कार्ड गेलं का. तो म्हणाला, कार्ड ठीक आहे, पण इथे आता त्याचं काम नाही. बोर्ड तिनेच ठेवावा, त्याची काही हरकत नाही. ते त्याने इतक्या मऊ आवाजात सांगितलं की बारकीची खात्रीच पटली: कार्ड जळलंय, तिच्याच मशीनमध्ये जळलंय, आणि हा सभ्य माणूस तिला वाईट वाटू नये म्हणून लपवतोय. तो चहा अर्धा ठेवून गेला. आजवर कधी ठेवला नव्हता.

मग तो आलाच नाही.

फोन करावा तर काय बोलायचं? बारकी दोन कार्डांवर काम ओढत राहिली. सकाळ व्हायची, दोन कप निघायचे, एक परत आत जायचा. शेवटी मावशीनेच विचारलं.

"भांडलात?"

"नाही गं. त्याचं कार्ड गेलं."

"कार्ड गेलं तर माणूस कशाला जाईल?"

"कार्डासाठीच तर यायचा."

"अस्सं," मावशी म्हणाली. "मग मी उगाच दूध तापवत होते."

मावशीच्या त्या 'अस्सं'ने बारकी उठली. निदान दोष कशात आहे ते तरी बघावं. तिने आपलं वरचं कार्ड काढून खालच्या स्लॉटमध्ये लावलं. तेही दिसेना. दुसरं लावलं, तेही नाही. म्हणजे त्याचं कार्ड धडधाकट होतं, स्लॉटच मेला होता. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथेच फरशीवर बसली. आणि मग तितकाच राग आला. बोर्डाचा फोटो काढून ती तडक वहिनींच्या दुकानात गेली आणि म्हणाली, सदोष माल गळ्यात मारलात.

वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला.

"स्लॉट मेला नाही गं, झोपलाय. ही ड्राइव्ह कुठे बसवलीस बघ. ही जागा आणि खालचा स्लॉट, दोघांना बोर्डावर रस्ता एकच. ड्राइव्ह बसली की स्लॉट बंद. वरच्या कार्डाखाली दुसरी जागा आहे, तिथे लावायची."

"मला काय माहीत."

"पुस्तकात आहे की."

"पुस्तक कोण वाचतं?"

"फीतवाले वाचतात. याच गोष्टीवरून त्यांनी त्या दिवशी माझं डोकं खाल्लं होतं, तू यायच्या आधी."

बारकीने फोटो पुन्हा समोर धरला. त्याला माहीत होतं. त्याने झाकण उघडलं तेव्हाच त्याला कळलं होतं. आणि समोर उभी राहून ती म्हणाली होती… चांगला विचार करून. जागेची अडचण. कसं सुटसुटीत झालं.

"अरे देवा," ती म्हणाली.

"इथे येऊन गेले ते," वहिनी पुढे बोलत होत्या. "एका कार्डापुरता बोर्ड मागत होते. म्हटलं, तिकडचं काय झालं? तर म्हणे, त्यांना जागा लागणार होती. मला वाटलं तुझं लग्नबिग्न ठरलं."

"घेतला बोर्ड?"

"कुठलं. पुस्तक न वाचता परत गेले. तब्येत बरी नसावी."

त्याच्या कामाची खोली जवळच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यातच आंबूस वास सुरू झाला. जुन्या फिल्म सडायला लागल्या की व्हिनेगरसारख्या वास मारतात, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. दार उघडं होतं. पांढरे सुती हातमोजे घालून तो एक तुटलेली फीत दिव्यावर धरून जोडत होता. टेबलाच्या कडेला चंदेरी पिशवी पडली होती, तोंड दुमडलेलंच.

तो उठायला लागला. बारकीने त्याला हातानेच बसवलं. सगळे जिने एका दमात चढल्यामुळे तिला पहिलं वाक्य मिळायला वेळ लागला.

"मला माहीत नव्हतं."

"काय?"

"ती जागा भरली की तुमचा स्लॉट बंद होतो, हे. आत्ता कळलं मला, वहिनींकडून."

"पण… पुस्तकात…"

"मी पुस्तक अजून प्लास्टिकमधून बाहेर काढलेलं नाही."

"मी दिलं होतं तुम्हाला. परत पिशवीत घालून."

"त्याच पिशवीत आहे."

फीत त्याच्या हातातून सुटून टेबलावर गुंडाळी झाली. त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा एकदम उघडा पडला, आणि त्यावर जे हळूहळू पसरत गेलं ते बघताना बारकीला कळलं की इतके दिवस घरात हवा कुठेतरी अडली होती, ती आत्ता सुटली.

"मला वाटलं, सभ्यपणे सांगताय," तो म्हणाला. "की पुरे आता."

"असं कोण सांगतं हो? ड्राइव्ह लावून?"

"तुम्ही म्हणालात, विचार करून बसवली."

"विचार कुठे बसवायची एवढाच केला होता. तुमचा नाही केला." मग तिला वाटलं, हे काही बरोबर झालं नाही. "म्हणजे… तुमचा वेगळा करते. रोज करते."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. दोघांनीही तो फार लक्ष देऊन ऐकला.

"विचारलं का नाहीत मला?" बारकीने शेवटी विचारलं. "एका शब्दाने."

"विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असता, तर? न विचारता निदान… कळायचं राहिलं होतं."

तिला हसू यायला लागलं. फिल्मच्या डब्यांच्या चळतीवर बसून ती हसली, डोळे पुसत हसली, आणि तोही हसायला लागला, आधी घशातल्या घशात, मग मोकळा. हसणं ओसरल्यावर त्याने हातमोज्याचं एक बोट ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं.

"आता माझंही एक सांगून टाकतो. संग्रहालयाने मला नवं मशीन कधीच देऊ केलंय. चांगलं, तुमच्या-माझ्या मशीनहून मोठं. मी नको म्हटलं."

"कशाला?"

"ते इथे ठेवावं लागलं असतं."

बारकीने हे नीट ऐकलं. मग म्हणाली, "माझं काम दोन कार्डांवर भागतं. तिसऱ्याने फरक पडतो, पण उगाच जिवाला लावून घ्यावा एवढा नाही. मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही कार्ड काढून नेलं असतंत."

तो उभा राहिला. टेबलावरची चंदेरी पिशवी उचलून म्हणाला की चला, मग ड्राइव्ह वर लावू, कार्ड परत खाली, अर्ध्या तासाचं काम आहे. बारकीने त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि होती तिथे परत ठेवली.

"हे राहू दे इथेच. नुसते चला."

"नुसतं?"

"नुसतं." तिने श्वास घेतला. "नुसतं येतोस का?"

त्याने हातमोजे काढले, दिवा मालवला, दार ओढून घेतलं. रोज त्याच्या हातात काही ना काही असायचं, ड्राइव्ह, कार्ड, स्क्रूड्रायव्हर, पुस्तक. आज रिकामे हात घेऊन जिना उतरताना त्यांचं काय करावं हे त्याला कळेना. एक खिशात घातला. दुसरा घालणार होता, पण पहिल्या वळणावर तो बारकीने घेतला.